रुग्णवाहिका घेणार असाल तर आधी नोंदवही घ्या



मार्च महिना उजाडला की आपल्या वाड्यावस्त्यांत जयंतीच्या बैठका सुरू होतात. एकीकडे ग्रामीण मंडळ, दुसरीकडे मुंबईकर मंडळ. वर्गणी किती, बॅन्जो की डीजे, मिरवणूक कुठून कुठे, पाहुणा कोण, हे नेहमीचे विषय. अलीकडे त्यात एक नवा विषय येऊ लागला आहे. एखादा तरुण उठतो आणि म्हणतो, "या वर्षी डीजे नको, रुग्णवाहिका घेऊ." टाळ्या पडतात. मग कुणीतरी ज्येष्ठ विचारतात, "डिझेल कोण घालणार?" आणि विषय पुढच्या वर्षावर जातो.

रायगडच्या किनाऱ्यावर, विशेषतः किहीम, चोंढी, थळ, सासवणे, मांडवा या पट्ट्यात, हा विषय पुढच्या वर्षावर ढकलू नये असं माझं मत आहे. पण डिझेलच्या आधी आपण दुसरा प्रश्न सोडवला पाहिजे. ही गाडी नेमकं काय काम करणार? पेशंट उचलून दवाखान्यात टाकणं एवढंच तिचं काम असेल, तर ती आणण्याची घाई करू नका. वस्तीला आरोग्याचं आणि हक्काचं भान देण्याचं काम ती करणार असेल, तर डिझेलचा प्रश्न सुटू शकतो.

किहीमचा रस्ता कुणासाठी

किहीमचं नाव बाहेरच्या जगाला समुद्रकिनाऱ्यामुळे, नारळी-पोफळीच्या वाड्यांमुळे आणि मुंबईच्या धनिकांच्या बंगल्यांमुळे माहीत आहे. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाली. तेव्हापासून मुंबईची मोटार बोटीत चढते आणि तासाभरात या किनाऱ्यावर उतरते. चांगली गोष्ट आहे.

पण या बंगल्यांवर काम करणारा माळी, रात्रपाळीचा वॉचमन, घरकाम करणारी ताई, नाक्यावरचा रिक्षावाला, टोपली घेऊन फिरणारी कोळीण, कनकेश्वराच्या डोंगराकडच्या वाडीतला कातकरी, यांच्यापैकी कुणी छातीत कळ येऊन पडला तर त्याचा रस्ता कोणता? आधी अलिबागचं जिल्हा सामान्य रुग्णालय. तिथे भागलं नाही तर वडखळ, पेणमार्गे पनवेल, नवी मुंबई, नाहीतर थेट मुंबई. शनिवार-रविवारी अलिबाग-वडखळ रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग कशी लागते हे इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात. ज्याच्या खिशात पैसा आहे त्याचं अंतर कमी झालं. ज्याच्याकडे नाही, त्याचं अंतर तेवढंच राहिलं.

सरकारी उत्तर आहे १०८. ही सेवा महाराष्ट्रात जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली. तेव्हा ताफ्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या, त्यातल्या २३३ अद्ययावत जीवनरक्षक आणि ७०४ मूलभूत जीवनरक्षक. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आसपास होती. भागाकार करून पाहा. सुमारे १ लाख २० हजार माणसांमागे एक गाडी. ती गाडी त्या क्षणी दुसऱ्या पेशंटला घेऊन पनवेलला गेली असेल तर किहीमच्या माणसाने काय करायचं? इथेच स्वयंसेवी रुग्णवाहिकेची गरज उभी राहते. आणि इथेच तिचा धोकाही सुरू होतो. तो धोका समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल.

आपल्या इतिहासातली गाडी

१८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती. सावित्रीमाई फुले तेव्हा साठी ओलांडलेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग गायकवाड नावाचा मुलगा प्लेगने आजारी असल्याचं कळताच त्यांनी त्याला पाठीवर घेतलं आणि डॉ. यशवंतच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात पोहोचवलं. त्यातून त्यांना स्वतःला प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचं निधन झालं. आपल्या चळवळीतली पहिली रुग्णवाहिका कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी सावित्रीमाईंची पाठ दाखवीन.

बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटं आत्मकथन तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. आता गाडी हा शब्द डोक्यात ठेवून ते पुन्हा वाचा. १९०१ मध्ये मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहान भीमाला आणि भावंडांना बैलगाडीवाला बसवून घेत नाही. दुप्पट भाडं ठरतं, तेव्हा तो तयार होतो, पण गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. १९२९ मध्ये बाबासाहेब बॅरिस्टर आहेत, सरकारी चौकशी समितीचे सदस्य आहेत. चाळीसगावला एकही टांगेवाला त्यांना घेऊन जायला तयार नाही. शेवटी आपल्याच लोकांनी टांगा मिळवला, पण हाकणाऱ्याला हाकायची सवय नव्हती. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब फरशीवर आपटले आणि त्यांचा पाय मोडला.

त्याच पुस्तकात काठियावाडच्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र आहे. ते डिसेंबर १९२९ मध्ये 'यंग इंडिया'त छापून आलं होतं. त्याची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. अखेर तो आला, पण वस्तीच्या बाहेरच थांबला. थर्मामीटर त्याने एका मुसलमान माणसाच्या हातात दिलं, त्याने ते नवऱ्याला दिलं आणि नवऱ्याने बायकोला. परत येतानाही तोच क्रम. न्यूमोनिया आहे असं सांगून डॉक्टर निघून गेला. ती बाई वाचली नाही.

गाडी, गाडी हाकणारा आणि डॉक्टर. या तिघांच्या नकारात माणूस मरतो, हे बाबासाहेबांनी स्वतःच्या आणि समाजाच्या अनुभवातून लिहून ठेवलं. रुग्णवाहिकेत हे तिन्ही एकत्र येतात. म्हणून आपल्यासाठी ती फक्त वाहतुकीचं साधन नाही.

पण इतिहासाची दुसरी बाजूही आहे. महार वतनाच्या कामांत एक काम असं होतं, की गावात कुणी मेलं तर परगावच्या नातेवाइकांना सांगावा पोहोचवायचा. रात्र असो, पाऊस असो, महाराने चालत जायचं. मोबदला नावापुरता. नाही म्हणायची सोय नव्हती. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. ही वतनं कायद्याने रद्द व्हायला मात्र १९५८ साल उजाडावं लागलं.

तेव्हा सावध राहा. आपल्या पोरांनी रुग्णवाहिका काढली आणि सगळ्या गावाने रात्री-अपरात्री फोन फिरवायचा, डिझेल मात्र वस्तीच्या वर्गणीतून. ग्रामपंचायत गप्प, आरोग्य खातं निवांत आणि पुढारी उद्घाटनाला फुलांचा हार घेऊन हजर, असं झालं तर ती सेवा राहणार नाही. ती नव्या नावाची वेठ होईल. वेठ आणि सेवा यांत फरक कसा करायचा? वेठ करणाऱ्याला प्रश्न विचारायची मुभा नसते. सेवा करणारा कार्यकर्ता प्रत्येक फेरीनंतर प्रश्न विचारतो आणि लिहून ठेवतो. म्हणून म्हणतो, गाडीच्या आधी नोंदवही घ्या.

गाडी काय शिकवते

शिबिर घ्या, व्याख्यान ठेवा, लोक येतात आणि जातात. पण शेजारचा माणूस वेळेत पोहोचला म्हणून वाचला, किंवा उशीर झाला म्हणून गेला, ही गोष्ट वस्ती वर्षानुवर्षं विसरत नाही. म्हणून रुग्णवाहिकेवरचा कार्यकर्ता हा वस्तीचा सगळ्यात ऐकला जाणारा प्रबोधनकार असतो. रायगडमध्येच पाहा. खोपोली परिसरात द्रुतगती मार्गावरच्या अपघातांत धावून जाणारे स्वयंसेवक आहेत. महाड-पोलादपूरकडे दरडी आणि पूर आला की स्थानिक बचाव पथकं आधी पोहोचतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गाडली गेली. तिथे गाडी जाईल असा रस्ताच नव्हता. ठाकूर समाजाच्या त्या वाडीपर्यंत लोक अंधारात, पावसात डोंगर चढून गेले. रस्ता का नव्हता, हा प्रश्न त्या एका रात्रीने सगळ्या महाराष्ट्राला विचारायला लावला.

मग किहीमच्या पट्ट्यात गाडीवरच्या पोरांनी लोकांना काय शिकवायचं?

पहिलं, गाडी येईपर्यंतची दहा मिनिटं. माणूस कोसळला, हाक मारली तरी हलत नाही, श्वास नीट चालत नाही, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात आणि भरभर दाबायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, गाडी येईपर्यंत न थांबता. हे वस्तीतल्या दहावीच्या मुलीलाही एका दुपारी शिकवता येतं. समुद्रात बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पोटावर पालथं घालून पाणी काढत बसायची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास बंद असेल तर आधी श्वास द्यायचा आणि छाती दाबायची. तोंड वाकडं झालं, एक हात गळून पडला, बोलणं अडखळलं तर ती वाऱ्याची लहर नव्हे, तो पक्षाघात असू शकतो. रक्ताची गुठळी विरघळवण्याचं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणून ते सुरू कधी झालं, ती वेळ घड्याळात पाहून लक्षात ठेवायची.

दुसरं, भगताकडून दवाखान्याकडे. कोकणात फुरसं, घोणस, मण्यार, नाग हे चारही विषारी साप आहेत. साप चावला की अजूनही आधी भगत आठवतो. या जिल्ह्याने याबाबतीत जगाला धडा दिला आहे, हे आपल्या पोरांना माहीत असलं पाहिजे. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर सत्तरच्या दशकात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसं मरत होती. त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून निरीक्षणं लिहिली. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं औषध इथे जीव वाचवतं हे दाखवलं. त्यांचं संशोधन 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पण पेशंट मांत्रिकाकडे रात्र घालवून सकाळी आला तर औषध तरी काय करणार? गाडीवरच्या कार्यकर्त्याने सांगायचं ते एवढंच: जखम कापू नका, तोंडाने चोखू नका, दोरी आवळून बांधू नका, हातपाय हलवू नका, आणि सापाचं औषध जिथे आहे तिथे चला. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा विहारात म्हणणं आणि मध्यरात्री घाबरलेल्या आईला भगताच्या दारातून गाडीत बसवणं, यांतलं दुसरं अवघड आहे. बुद्धाची विज्ञाननिष्ठा तिथे कसाला लागते.

तिसरं, पोलिसांची भीती. रस्त्यावर अपघात झाला की माणसं मोबाईलवर व्हिडिओ काढतात, हात लावत नाहीत. का? तर केस मागे लागेल. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये जखमींना मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. मदत करणाऱ्याला स्वतःचं नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही, रुग्णालय त्याला पैशांसाठी अडवू शकत नाही. आपल्या माणसाला पोलीस ठाण्याची भीती जास्त वाटते आणि त्यामागे कारणं आहेत. म्हणून हे कलम आपल्या वस्तीत जास्त सांगितलं पाहिजे.

चौथं, पैसा. गरोदर आणि बाळंतीण बाईला सरकारी रुग्णालयात जाण्यायेण्यासाठी मोफत गाडी मिळते. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात तो तिचा हक्क आहे, त्यासाठी १०२ आहे. राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत रायगड होता. पुढे तिलाच महात्मा जोतीराव फुले यांचं नाव मिळालं. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. कर्ज काढून, गळ्यातलं मणीमंगळसूत्र गहाण ठेवून ज्या घरांनी बिलं भरली, त्यांतल्या किती जणांना हे माहीत होतं? पेशंट आत गेल्यावर बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकाला ही माहिती सांगणं, हे गाडीवरच्या दुसऱ्या कार्यकर्त्याचं काम.

पाचवं, जात. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला रुग्णालयात, दवाखान्यात, आरोग्य केंद्रात जाण्यापासून अडवणं हा अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनुसार गुन्हा आहे. आज कुणी थर्मामीटर तिसऱ्याच्या हातून देत नाही. पण वाडीचं नाव ऐकल्यावर बोलण्याचा सूर बदलतो, कातकरी बाईला "आंघोळ करून यायचं होतं" असं ऐकवलं जातं, म्हाताऱ्याला अरे-तुरे होतं. हे प्रत्येक वेळी गुन्ह्यात बसेल असं नाही, पण नोंदवहीत बसतं.

सागरापलीकडचे दोन धडे

आपण एकटे नाही. अमेरिकेत पिट्सबर्ग शहराच्या हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीत साठच्या दशकापर्यंत पेशंटला पोलिसांची गाडी उचलून न्यायची. वाटेत उपचार नाही आणि वस्तीचा पोलिसांवर विश्वासही नाही. १९६७ मध्ये तिथे फ्रीडम हाऊस नावाची रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. ज्यांना शहर कामाला ठेवायला तयार नव्हतं त्या कृष्णवर्णीय तरुणांना डॉ. पीटर सफर यांनी कसून शिकवलं. रस्त्यावर, गाडीत उपचार करणाऱ्या पॅरामेडिकच्या पहिल्या तुकड्यांत त्यांची गणना होते. पण १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाऊस बंद झालं. नव्या सेवेत गोऱ्यांचा भरणा होता, जुनी कृष्णवर्णीय पोरं हळूहळू बाहेर पडली.

दुसरं उदाहरण विन्स्टन-सेलमचं. ज्या ब्लॅक पँथर पार्टीच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्या पार्टीच्या तिथल्या शाखेने सत्तरच्या दशकात मोफत रुग्णवाहिका चालवली. पँथर म्हटलं की आपल्याला मोर्चा, दगड, घोषणा आठवतात. त्याच पँथरांनी रात्री गाडीत बसून म्हाताऱ्यांना दवाखान्यात पोहोचवलं. लढा आणि सेवा यांत त्यांना विरोध वाटला नाही. आपल्याला का वाटावा?

पिट्सबर्गचा धडा कडू आहे. काम उत्तम असून भागत नाही. त्यामागे संघटित राजकीय ताकद नसेल तर व्यवस्था काम उचलते आणि माणसं बाहेर ठेवते.

तीन आक्षेप

"हे एनजीओचं काम आहे, आपलं काम सत्ता." हा पहिला आक्षेप. सत्ता मिळेपर्यंत पेशंट थांबतो का? आणि ज्या गावात आपल्या दोन कार्यकर्त्यांनी रात्री दोन वाजता फोन उचलला आहे, त्या गावात निवडणुकीला घरोघर जाताना ओळख करून द्यावी लागत नाही. अलिबाग तालुक्यानेच हे पाहिलं आहे. १९३३ ते १९३९ चा चरीचा शेतकरी संप नारायण नागू पाटलांनी उभा केला, बाबासाहेब त्यामागे उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. पोटाचा प्रश्न आणि कायद्याचा प्रश्न तेव्हा वेगळे नव्हते. आग्री, कुणबी, महार एका बाजूला उभे राहिले, कारण सगळ्यांच्या खळ्यातलं भात खोताच्या घरी जात होतं. आज सगळ्यांचा पेशंट एकाच रस्त्यावर अडकतो.

"ही सरकारची जबाबदारी, आपण का करायची?" हा दुसरा आक्षेप. यातला पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जखमीचा जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे, पोलिसी सोपस्कार नंतर. १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या एका शेतमजूर संघटनेचा खटला निकाली निघाला. संघटनेचा सदस्य हकीम शेख रेल्वेतून पडून जखमी झाला होता. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला खाट नाही म्हणून परत पाठवलं. शेवटी खासगीत जावं लागलं. न्यायालय म्हणालं, वेळेवर उपचार न देणं हा कलम २१ च्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब सरकारला चालणार नाही. हकीम शेख एकटा असता तर हा निकाल आला असता का? त्याच्यामागे संघटना होती, आणि कोणत्या रुग्णालयाने काय कारण देऊन परत पाठवलं हे न्यायालयासमोर मांडता आलं. जबाबदारी सरकारची आहे असं नुसतं भाषणात म्हणून सरकार हलत नाही. तारीख, वेळ, ठिकाण लिहिलेला कागद समोर ठेवला की उत्तर द्यावं लागतं.

"आपल्या गाडीत गाव बसणार नाही." हा तिसरा आक्षेप दबक्या आवाजात येतो. बसेल. छातीत कळ आली की माणूस गाडीवरचा निळा रंग पाहत नाही. पण त्याने बसावं म्हणून गाडीवरचं बाबासाहेबांचं नाव पुसायचं का? मुळीच नाही. आणि एका फेरीने त्याच्या मनातली जात जाईल असं स्वप्नही पाहू नका. आभाराची अपेक्षा ठेवू नका. आपली गाडी कुणालाही नाही म्हणत नाही, हा आपला नियम आहे, कारण नकाराचा अर्थ आपल्याला चाळीसगावच्या टांग्यापासून माहीत आहे.

मग करायचं काय

एक. गाडी रंगवून, दिवा लावून रुग्णवाहिका होत नाही. रुग्णवाहिकेसाठी एआयएस-१२५ हे ठरलेलं मानक आहे, प्रकार आहेत, आरटीओची नोंदणी आहे. साधी पेशंट वाहून नेणारी गाडी असेल तर ती तशीच सांगा. गंभीर पेशंटसाठी आधी १०८ लावा आणि त्याची वेळ लिहा.

दोन. ड्रायव्हरला पगार द्या. बाकी स्वयंसेवक पाळीपाळीने, पण ड्रायव्हर पगारी, विमा उतरवलेला, झोप झालेला. आपल्या पोराला फुकट राबवून उभी केलेली समता खोटी असते. खर्च एका वस्तीवर टाकू नका. ग्रामपंचायत, बौद्धजन पंचायत समितीच्या शाखा, मुंबईकर मंडळ, कोळीवाडा, रिक्षा संघटना आणि बंगलेवाले, सगळ्यांकडून घ्या. पावती द्या, हिशेब दर तीन महिन्यांनी विहाराच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

तीन. गाडीवर कुणाचाही फोटो नको. आमदाराचा नको, देणगीदाराचा नको, आपल्या अध्यक्षांचाही नको. त्या जागेवर १०८ आणि १०२ हे क्रमांक, मदत करणाऱ्याला पोलीस अडवू शकत नाहीत ही ओळ आणि उपचार हा कलम २१ चा हक्क आहे ही ओळ लिहा. सिग्नलला उभी राहिली तरी गाडी प्रबोधन करील.

चार. महिला स्वयंसेवक हव्यात आणि त्या निर्णयात हव्यात. बाळंतपणाची अडचण रात्री बाई बाईलाच सांगते.

पाच, आणि सगळ्यात महत्त्वाचं, नोंदवही. फोन कधी आला, १०८ ला कधी लावला, ती किती वेळात आली किंवा आली नाही, रस्ता कुठे अडला, रुग्णालयात डॉक्टर होता का, औषध बाहेरून आणायला लावलं का, पुढे कुठे पाठवलं, नातेवाइकाला कसं बोललं गेलं. पेशंटचं नाव आणि आजार मात्र बाहेर जाता कामा नये. वर्षभराने या नोंदींचा गोषवारा करा. ग्रामसभेत ठेवा, तालुका आरोग्य अधिकाऱ्याला द्या, रुग्ण कल्याण समितीत मांडा, माहितीच्या अधिकारात पडताळा. "आमच्याकडे रुग्णवाहिका नाही" असं म्हणणाऱ्या गावाला अधिकारी टोलवू शकतात. वर्षभराच्या फेऱ्यांच्या वेळा घेऊन बसलेल्या गावाला टोलवणं सोपं नसतं.

या गाडीचं यश किती फेऱ्या झाल्या यावर मोजू नका. पाच वर्षांनी किहीमच्या पट्ट्यात १०८ वेळेवर येऊ लागली, आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर सापडू लागला, सापाचं औषध कायम शिल्लक राहू लागलं आणि आपल्या गाडीला काम कमी पडू लागलं, तर समजा ती यशस्वी झाली. आणि पाच वर्षांनी फेऱ्या दुप्पट झाल्या, पण सरकारी दवाखाना तसाच राहिला, तर आपण सरकारचं ओझं डोक्यावर घेतलं एवढंच झालं. वतनं आपण कायद्याने सोडवून घेतली, ती पुन्हा पाठीवर घ्यायची नाहीत.

येत्या बैठकीत "डिझेल कोण घालणार?" हा प्रश्न येईल तेव्हा गप्प बसू नका. सांगा, पहिल्या वर्षी आम्ही घालतो, आणि दुसऱ्या वर्षी ते कुणी घालायला हवं होतं याचा हिशेब या वहीत आहे.

जय भीम! जय संविधान!